वैकुंठरथाचं तेल

आमच्या चाळीच्या मंडळाकडे एक मोटार होती आणि ती फक्त मेलेल्या माणसांसाठी होती. जिवंत माणसं ट्रामने नाहीतर पायी जात.

मी नव्यानेच लालबागला राहायला आलो तेव्हा मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. आमच्या तालुक्याच्या गावात मोटार म्हणजे मामलेदाराची जीप. अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडी मिळाली तरी लोक देवाचे आभार मानत. आणि इथे, ज्याने जन्मभर गिरणीत उभं राहून काम केलं तो शेवटी आडवा होऊन काचेच्या खिडक्यांच्या मोटारीतून जातो! सुटीत घरी गेल्यावर मी वडिलांना हे सांगितलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "सोय चांगली आहे. पण त्यासाठी मुंबईतच मरावं लागत असेल."

गाडी मूळची लष्कराची रुग्णवाहिका. युद्ध संपल्यावर लिलावात निघाली ती मंडळाने घेतली, काळी रंगवली, बाजूंना काचा बसवल्या आणि नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका माणसाकडून तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'वैकुंठरथ' असं लिहून घेतलं. त्याने हौसेने दोन मोरही काढून दिले. मात्र दारावरचा जुना तांबडा क्रॉस काळ्या रंगाखालून हळूहळू वर येत असे. त्यामुळे आत निजलेल्या माणसाची अजून थोडी आशा आहे, असं बघणाऱ्याला वाटायचं.

मी बी.एस्सी. होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिलाच. शिवडीला एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी होती. इंजिनात घालायचं तेल किती दाट, किती पातळ, त्यात पाणी किती उतरलंय, हे तपासायचं काम. गावाकडे 'मुलगा तेलाच्या कंपनीत आहे' एवढंच पोचलं. दिवाळीला घरी गेलो की निम्मी आळी गोडेतेलासाठी बाटल्या घेऊन दारात उभी. मी खुलासा केल्यावर लोक, एवढं शिक्षण वाया गेलं, अशा नजरेने माझ्याकडे बघत आणि रिकाम्या बाटल्या घेऊन परतत.

ही नोकरी लागेपर्यंत मी जगलो तो मावशीच्या जिवावर. मावशी म्हणजे चाळीच्या तळमजल्यावर खाणावळ चालवणारी बाई. मूळची मालवणकडची. उमेदीत गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, मग गिरणी सोडून तिने चूल मोठी केली. मला काम नव्हतं त्या सगळ्या दिवसांत तिने माझं ताट एकदाही उलटं ठेवलं नाही. मला ती 'बीएस्सी' म्हणायची. "बीएस्सी, भात घे आणखी. डोक्याला लागतो." बाकीच्यांना डोकं नाही असं ती उघड म्हणत नसे, पण भात मला जास्त वाढायची.

तर रथ. लालबागहून निघायचं आणि भोईवाड्याच्या स्मशानात पोचायचं, एवढाच त्याचा प्रवास. विडी पेटवून चालायला लागलं तर ती संपेपर्यंत माणूस पोचतो. रथ त्याहून सावकाश जाई, कारण पुढे भजन आणि मागे माणसं. तिथे पोचला की इंजिन बंद. विधी उरकले की पुन्हा सुरू, चाळीत आला की पुन्हा बंद. त्याशिवाय रोज सकाळी एक वेगळाच सोहळा असायचा. मंडळाचे चिटणीस, गिरणीत टाइमकीपर असलेले गृहस्थ, अंघोळ करून उदबत्ती घेऊन येत. ड्रायव्हर इंजिन सुरू करी, ते मिनिटभर गुरगुरे, चिटणीस उदबत्ती ओवाळत आणि म्हणत, "बस्स, बंद कर. जाग राहिली पाहिजे एवढंच."

ड्रायव्हर शेजारच्या चाळीतला होता. युद्धात लष्करी ट्रक चालवून आलेला. त्याने नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, त्यामुळे उदबत्तीच्या वेळी तो तोंड फिरवून समोरच्या भिंतीवरची 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा वाचत उभा राही. एकदा मी त्याला विचारलं, हे काम कसं काय पत्करलं? तो म्हणाला, "पिढ्यान्‌पिढ्या तुमची मेलेली ढोरं ओढली. आता माणसं ओढतो. चाकं आली, एवढी बढती झालीच की."

मंडळाच्या अध्यक्षांचे वडील गेले त्या दिवशी रथाने दगा दिला. भोईवाड्याच्या कोर्टासमोर, भर रस्त्यात, इंजिन दोनदा ठसकलं, मागून निळा धूर सोडला आणि गप्प झालं. म्हाताऱ्याला चौघांनी खांदा द्यायचा तो चाळिसांनी धक्का दिला. कोर्टाच्या पायरीवर बसलेले वकील आणि आरोपी दोघेही उठून बघायला आले. एक आरोपी तर बेड्यांसकट हात लावायला निघाला होता. चिता पेटली तरी अध्यक्ष बोलायला तयार नव्हते. संध्याकाळी बोलले ते एवढंच, "हा खटारा विका."

गिऱ्हाईकही तयार होतं. गिरगावातल्या एका नाटक कंपनीला पडदे वाहायला गाडी हवी होती. मोर तर आयतेच काढलेले होते.

ही बातमी मावशीला कळली तेव्हा ती भाकरी थापत होती. परातीत थापटी जरा जोरात बसली.

"विकणार म्हणजे? आणि मी?"

"तू काय, मावशी?" मी म्हटलं.

"माका काय हातगाडीवरसून नेणार?"

मग तिने सांगितलं. नवरा गेला तेव्हा रथ नव्हता. खांदे देणारे चारजण होते, आणि चौघांची उंची चार तऱ्हेची. वाटेत त्यांचं भांडण लागलं. मग नवऱ्याला कडेला ठेवून त्यांनी पानाच्या दुकानाशी विड्या ओढल्या, आणि पानवाल्याने 'सामान जरा बाजूला घ्या' म्हणून सांगितलं. "सामान म्हणाला मेला," मावशी म्हणाली. "त्याला तरी निदान मी होते रडायला. माझं कोण आहे? माझ्यासाठी खांदे शोधत तुम्ही चाळभर फिरणार. 'अरे, येतोस काय? अरे, माझी पाळी आहे. अरे, माझा खांदा दुखतो.' नको गो बाय! मंडळाने गाडी घ्यावी म्हणून भर सभेत उभी राहिले ती कशासाठी? काचेच्या गाडीतून कोणाचे उपकार न घेता जायचं म्हणून." भाकरी तव्यावर टाकून ती माझ्याकडे वळली. "तू तेलातला बीएस्सी ना? बघ जा त्या गाडीला काय झालंय ते."

तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी जेवण अर्धवट टाकून उठलो तर म्हणाली, "जेवून जा. मेलेलं माणूस थांबतं, गाडी पण थांबेल."

ड्रायव्हरने बॉनेट उघडलं. तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं तर झाकणाला आतून पिवळट लोणी चिकटलेलं. तेलाची पातळी बघायची सळई ओढली तर तिच्यावर तेल नव्हतं, दूध जास्त झालेल्या कॉफीसारखा काला होता. बाटलीत घेऊन मी तो प्रयोगशाळेत नेला. आमच्या साहेबांनी उजेडात बाटली धरून विचारलं, "कुठल्या बुडालेल्या होडीतून आणलंस?"

तपासलं तेव्हा सगळं उलगडलं. त्यात पाणी होतं आणि न जळलेलं पेट्रोल होतं. थंड इंजिन सुरू केलं की थोडं पेट्रोल न जळताच खाली तेलात उतरतं आणि जळण्यातून झालेली वाफ आतल्या गार लोखंडावर पाणी होऊन बसते. गाडी लांब गेली, तेल चांगलं तापलं, की हे दोन्ही उडून जातं. पण लालबाग ते भोईवाडा एवढ्यात इंजिन कोमट होतं न होतं, तोच बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्तीच्या निमित्ताने आणखी थोडं पाणी, आणखी थोडं पेट्रोल. असं पातळ पाणचट तेल धातूवर टिकत नाही, त्यात आम्ल धरतं, आणि लोखंड लोखंडाला खातं. रथाला ज्या गोष्टीने जाग राहते असं चिटणिसांना वाटे, तीच त्याला रोज थोडी थोडी मारत होती.

मावशीला हे कसं सांगावं याचा मी वाटेत विचार करत होतो. खाणावळीत शिरलो तर ती लोणी कढवत बसली होती. मी म्हटलं, "मावशी, लोणी चुलीवर ठेवलं आणि तडतडायच्या आधीच उतरवलं तर?"

"तूप कसलं होतंय? पाणी राहतं. वास मारतो."

"आणि रोज तसंच केलं? ठेवलं, कोमट झालं की उतरवलं, पुन्हा ठेवलं?"

ती थबकली. "चिटणीस गाडीचं असं करतो?"

"हो."

"आणि वर उदबत्ती लावतो मेला!"

सभा चाळीच्या गच्चीवर झाली. मी साऱ्या शिक्षणाला स्मरून उभा राहिलो आणि सांगितलं की गाडी म्हातारी झालेली नाही, ती आळसाने आजारी आहे. तेल काढून नवं घालू या, रोजचं सुरू करणं थांबवू या, आणि दर आठवड्याला तिला एकदा लांब, ठाण्यापर्यंत, पळवून आणू या. झाली ती झीज काही भरून येणार नाही, पण पुढची थांबेल.

"माझ्या गुडघ्यांचं डॉक्टर हेच म्हणतो," मावशी मागून म्हणाली. बायका सभेला मागे बसत, पण मावशीचा आवाज पुढे बसे.

चिटणीस उठले. "गाडीबरोबर लष्कराचं छापील पुस्तक आलंय. त्यात हजार मैलांनी तेल बदला म्हटलंय. आपले हजार मैल व्हायचेत अजून."

"लालबाग ते भोईवाडा करत हजार मैल व्हायला अख्खं लालबाग मरायला लागेल," ड्रायव्हर म्हणाला.

लोक हसले, पण चिटणिसांची खरी अडचण वेगळीच होती. ती त्यांनी आवाज उतरवून सांगितली. "आणि रिकामा रथ रस्त्याने फिरवायचा म्हणता? ज्याच्या दारावरून रिकामा जाईल त्याला वाटेल, न्यायला आला. माझी आई अंथरुणाला खिळलीय. खिडकीतून तिला तो रिकामा जाताना दिसला तर?"

आता कोणी हसलं नाही. सगळ्यांच्याच घरी कोणी ना कोणी म्हातारं होतं. "मी शकुनबिकुन मानत नाही," ड्रायव्हर म्हणाला, पण त्याने काही गच्ची हलली नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला. गाडी गिरगावला चालली हे मला दिसू लागलं.

"रिकामा कशाला जायला पाहिजे?" मावशी उभी राहिली. "मी बसते आत."

"मावशी, काहीतरीच काय? जिवंतपणी?" चिटणीस म्हणाले.

"मग कधी? मेल्यावर तुझी परवानगी मागायला येऊ?"

"अहो, पण अशुभ..."

"अशुभ कुणाला? मलाच ना? मग मी बघून घेईन. शेवटी जायचंय त्यातूनच. नवीन जागा भाड्याने घेताना माणूस आधी बघून येतोच ना?"

यावर मंडळाच्या घटनेत काहीच तरतूद नव्हती. गणपतीपर्यंत दर रविवारी सकाळी फेरी करून बघावी, असा ठराव झाला. जुनं तेल काढलं तेव्हा ते वाहिलं नाही, खरवसासारखं गठ्ठ्याने पडलं.

पहिल्या रविवारी मावशी ठेवणीतलं नऊवारी नेसून, डबा आणि पानाची चंची घेऊन रथात चढली. प्रेताच्या फळीशेजारी एक अरुंद बाक होता, त्यावर बसली. मी पुढे ड्रायव्हरजवळ. आम्ही निघालो तसे रस्त्यातले लोक हात जोडू लागले. मावशीला आधी कळेना. मग तीही प्रत्येकाला काचेतून उलट नमस्कार करू लागली. परळच्या नाक्यावर एका केळीवाल्याच्या हातातली फणी पडली.

त्या वर्षांत मोर्चा नसलेला रविवार मिळणं कठीण. दादरला एका मोर्च्यात अडकलो. रथ बघताच घोषणा थांबल्या, टोप्या उतरल्या. दिवसच तसे होते, गोळीबारात गेलेल्या पोरांच्या आठवणी ताज्या होत्या. काळी गाडी दिसली की लोकांच्या मनात तेच येई. कोणीतरी ओरडलं, "अमर रहे!" शेकडो माणसांनी ते उचललं. मावशीने काच सरकवून डोकं बाहेर काढलं.

"अरे मेल्यांनो, अमर कसली करताय? दुपारी पंगत वाढायचीय मला!"

मग जे हसू फुटलं ते दूरवर गेलं. मावशीला तेवढ्याने कुठलं समाधान? तिने मूठ वर केली, "संयुक्त महाराष्ट्र," आणि साऱ्या रस्त्याने म्हटलं, "झालाच पाहिजे!" मग पोरांनी रथ मोर्च्याच्या पुढेच घातला. आम्ही मुंगीच्या पावलाने चाललो होतो आणि मी हैराण. या चालीने इंजिन पुन्हा कोमटच राहणार! मी तसं ड्रायव्हरला म्हटलं. तो घोषणा देतादेताच म्हणाला, "बीएस्सीसाहेब, इथं महाराष्ट्र होतोय. तेल तापेल मागाहून."

ते शीव ओलांडल्यावर तापलं. पुढे मुलुंडच्या नाक्यावर पोलिसाने अडवलं. दारूबंदीचे दिवस, आणि हातभट्टीची दारू कशातून येईल याचा नेम नव्हता. त्याने मोठ्या संशयाने मागचं दार उघडलं. आत मावशी पान जुळवत बसलेली.

"मयत कुठंय?"

"मीच ती," मावशी म्हणाली. "पण घाई नाही. दार लाव, वारं लागतंय."

त्याने दार लावलं. वर सलामही केला.

ठाण्याच्या खाडीशी गाडी उभी करून डबा खाल्ला. मी सळई काढून बघितली. तेल साध्या तेलासारखं दिसत होतं. मावशी खाली उतरली, सळईजवळ नाक नेऊन तिने वास घेतला, तूप झालं की नाही बघतात तसा.

"कढलं काय रे?"

"कढलं," मी म्हटलं.

मग दर रविवारी हेच. आठवड्याभरात तिला सुटी अशी तेवढीच. तिने ठाणं बघितलं, खाडी बघितली, एकदा तर वाटेतून ओल्या बोंबलांची टोपलीच चढवली. चिटणिसांच्या कानावर ते गेल्यावर त्यांनी रथ गोमूत्राने धुतला, आणि ड्रायव्हरने तो पुन्हा साध्या पाण्याने धुतला. गणपतीपर्यंत निळा धूर पुष्कळ कमी झाला. इंजिनाची खडखड काही गेली नाही, पण गाडी हाक मारली की उठू लागली. चिटणिसांची आई गेली तेव्हा रथ कोर्टासमोरून असा सफाईने निघाला की पायरीवरच्या कोणी मान वर केली नाही. दहाव्यानंतर चिटणीस खाणावळीत आले. मावशीकडे न बघता म्हणाले, "रविवारची फेरी चालू ठेवायचा ठराव आणतोय." नाटक कंपनीने पडद्यांसाठी दुसरी गाडी बघितली.

मुंबईसह महाराष्ट्र मिळाला त्या दिवशी मावशीने साऱ्या चाळीला फुकट जेवू घातलं, आणि मला सगळ्यांपेक्षा जास्त भात.

पुढच्याच वर्षी एका सकाळी खाणावळीची चूल पेटली नाही. मावशी झोपेतच गेली होती. चाळीतल्या बायकांनी तिला तेच ठेवणीतलं नऊवारी नेसवलं. रथ आला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, ते पहिल्याच फेऱ्याला लागलं. इतकी वर्षं प्रेतं ओढून कधी डोळ्यांत पाणी न आणलेला तो माणूस स्टिअरिंगच्या चाकावर कपाळ टेकून बसला. सगळे भोईवाड्याच्या दिशेला वळले. तेवढ्यात चिटणीस म्हणाले, "आज वार कोणता?"

"रविवार," मी म्हटलं.

"मग फेरी?"

भटजी म्हणाले, "अहो, मयत आहे गाडीत!"

"दर रविवारी असतेच," चिटणीस म्हणाले, आणि मग खेकसले, "मंडळाचा ठराव आहे! मोडायचा अधिकार मला नाही. तुम्ही सगळे भोईवाड्याला पुढे व्हा. आम्ही येतो." आणि ज्यांना रिकाम्या रथाची भीती वाटत होती ते स्वतः मागे चढून त्या अरुंद बाकावर बसले. वाटेत लोक हात जोडत होते. मी मागे वळून पाहिलं तर चिटणीस काचेतून प्रत्येकाला नमस्कार करत होते.

खाडीशी आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. मग परतलो.

भोईवाड्याला पोचलो तेव्हा मंडळी सावलीला बसून कंटाळली होती. स्मशानातला कारकून कपाळाला आठ्या घालून पुढे आला. "लालबागहून यायला एवढा वेळ? पुन्हा बंद पडला वाटतं तुमचा रथ?"

"बंद?" ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. "हात लावून बघा."

कारकुनाने बॉनेटला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मी बॉनेट उघडलं, सवयीने सळई ओढली, रुमालाला पुसली, पुन्हा घालून काढली. साऱ्या मंडळींसमोर मी ती नाकाजवळ नेली. भटजी आ वासून बघत होते.

"कढलं?" ड्रायव्हरने विचारलं.

"कढलं," मी म्हटलं, आणि आम्ही मावशीला उतरवलं.